भूमिगत इंधन टाक्यांतील गळती व भूजल प्रदूषण

भूमिगत इंधन साठवण टाकी म्हणजे पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा तत्सम द्रव इंधन साठवण्यासाठी जमिनीखाली पुरलेली, बहुधा आडव्या नळकांड्याच्या आकाराची बंदिस्त टाकी होय. पेट्रोल पंप, एसटी आगार, रेल्वेची इंधन केंद्रे, कारखाने व मोठी जनित्रे असलेली रुग्णालये येथे अशा टाक्या आढळतात. टाकी किंवा तिला जोडलेली नळी गळू लागल्यास इंधन माती व खडकातून झिरपत भूजलापर्यंत पोहोचते आणि परिसरातील विहिरी व विंधन विहिरी दूषित करू शकते. गळती जमिनीखाली होत असल्याने ती डोळ्यांना दिसत नाही. अनेकदा ती प्रथम लक्षात येते ती एखाद्या विहिरीच्या पाण्याला येणाऱ्या वासामुळे, आणि तोपर्यंत प्रदूषण बरेच पसरलेले असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोकणासारख्या भरपूर पावसाच्या, उथळ भूजलाच्या व भेगाळ बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो. या लेखात सर्वसाधारण माहितीबरोबरच रायगड जिल्ह्यातील रोहा व पेण तालुक्यांच्या भूरचनेच्या संदर्भात या धोक्याचा विचार केला आहे.

## रचना व वापर

इंधन जमिनीखाली साठवण्याची मुख्य कारणे दोन आहेत. पेट्रोल अत्यंत ज्वलनशील असल्याने जमिनीखाली त्यास आगीपासून अधिक संरक्षण मिळते. तसेच जमिनीखालील तापमान तुलनेने स्थिर असल्याने बाष्पीभवनाने होणारी घट कमी होते. त्याशिवाय पंपाच्या मर्यादित जागेत वाहनांसाठी वरचा भाग मोकळा राहतो.

भारतातील पेट्रोल पंपांवर साधारणतः १० ते २० किलोलिटर किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या पोलादी टाक्या असतात (१ किलोलिटर = १,००० लिटर). प्रत्येक टाकीस पुढील भाग असतात :

* टँकरमधून इंधन भरण्याची नळी;
* वाफ बाहेर सोडणारी उंच वायुवीजन नळी;
* इंधनाची पातळी मोजण्यासाठी डिपरॉड घालण्याची नळी;
* वितरण यंत्राकडे इंधन नेणारी भूमिगत वाहिनी;
* देखभालीसाठी झाकणासह मनुष्यछिद्र.

टाकी खड्ड्यात बसवून भोवती वाळू भरली जाते. गंज रोखण्यासाठी पोलादाच्या बाहेरील बाजूस संरक्षक लेप दिला जातो. अशा टाक्यांचे आरेखन, बांधणी, चाचणी व उभारणी यांसाठी भारतीय मानक ब्युरोची 'आयएस १०९८७' ही कार्यसंहिता आहे. अलीकडील काळात दुहेरी भिंतीच्या टाक्या वापरात आल्या आहेत. त्यांत दोन भिंतींमधील पोकळीत संवेदक बसवलेला असतो. आतील भिंत फुटल्यास इंधन त्या पोकळीतच अडते व इशारा मिळतो.

## गळतीची कारणे

गंज. एकेरी भिंतीच्या पोलादी टाकीचा हा प्रमुख शत्रू आहे. दमट, आम्लधर्मी किंवा क्षारयुक्त मातीत पोलाद लवकर गंजते. संरक्षक लेपावर एखादा ओरखडा असल्यास गंज त्याच ठिकाणी एकवटून भिंतीला सूक्ष्म छिद्र पडते. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आतूनही गंज आणते.

वाहिन्या व सांधे. टाकी शाबूत असूनही वाहिनीचा सांधा सैल होणे, वाहनांच्या भाराने वाहिनीला तडा जाणे किंवा जमीन खचणे यांमुळे गळती होते. दाबाखालील वाहिनीतून थोड्या वेळात मोठ्या प्रमाणात इंधन बाहेर पडू शकते.

भरताना होणारी सांडलवंड. टँकर रिता करताना टाकी ओसंडणे किंवा होज काढताना थोडे इंधन सांडणे ही नित्याची बाब वाटते. पण वर्षानुवर्षे एकाच जागी होणारी अशी सांडलवंड जमिनीत मुरत राहते.

उत्प्लावन. भूजल पातळी टाकीच्या वर आल्यास टाकीवर खालून वर ढकलणारा जोर येतो. २० किलोलिटरची टाकी पूर्ण बुडाली असता सुमारे २० टन पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढाच जोर तिला वर उचलतो. टाकी जवळजवळ रिकामी असेल व काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी जखडलेली नसेल, तर ती वर उचलली जाऊन वाहिन्यांचे सांधे तुटू शकतात.

सोडून दिलेल्या टाक्या. बंद पडलेल्या पंपांच्या किंवा कारखान्यांच्या टाक्या रिकाम्या न करता तशाच राहिल्यास उरलेले इंधन कालांतराने जमिनीत उतरते. जमिनीची मालकी बदलली की अशा टाक्यांची आठवणही पुसली जाते.

अगदी लहान गळतीही उपेक्षणीय नसते. सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला सुमारे ४.३ लिटर व वर्षाला सुमारे १,५७५ लिटर इंधन जमिनीत जाते.

## भूजलातील प्रसार

गळलेले इंधन प्रथम गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. काही भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो, काहींची वाफ होऊन ती मातीच्या पोकळ्यांतून पसरते आणि उरलेले भूजल पातळीपर्यंत पोहोचते. पेट्रोल व डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगणारा थर तयार करतात. या थरातील विद्राव्य घटक पाण्यात विरघळत जातात व भूजलाच्या प्रवाहाबरोबर दूरवर जातात. अशा लांबट प्रदूषित पट्ट्याला 'प्रदूषणाचा झोत' म्हणतात.

पेट्रोलमधील बेंझिन, टोल्युईन, इथाइलबेंझिन व झायलिन हे चार घटक भूजलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी बेंझिन सर्वाधिक विद्राव्य व सर्वाधिक घातक आहे. डिझेलमध्ये या घटकांचे प्रमाण कमी असते, परंतु डिझेल सहज उडून जात नसल्याने ते मातीत अधिक काळ टिकते.

पावसाळ्यात भूजल पातळी वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते. तरंगणारे इंधनही तिच्यासह वर-खाली होते व वाटेतील माती आणि खडकाच्या भेगांना माखत जाते. त्यामुळे मूळ गळती थांबल्यानंतरही पुढील अनेक पावसाळ्यांत त्या पट्ट्यातून थोडे थोडे इंधन पाण्यात उतरत राहते.

पेट्रोलमधील इथेनॉलने या प्रक्रियेत आणखी एक गुंतागुंत आणली आहे. भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल पाण्यात पूर्णपणे मिसळते आणि जमिनीतील जिवाणू त्याचे विघटन आधी करतात. त्यात भूजलातील प्राणवायू खर्ची पडतो, बेंझिनचे विघटन मागे पडते आणि परिणामी बेंझिनचा झोत अधिक लांब जाऊ शकतो.

## आरोग्यावरील परिणाम

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. दीर्घकाळच्या संपर्काने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तक्षय व रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यातील बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

'भारत स्टेज–६' मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण आकारमानाने १ टक्क्याहून अधिक असू नये. या कमाल मर्यादेने १ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम बेंझिन असते. हे सर्व बेंझिन पाण्यात विरघळले, तर सुमारे ८.८ लाख लिटर पाणी वरील मार्गदर्शक मूल्यापर्यंत दूषित होईल. प्रत्यक्षात बराच भाग उडून जातो किंवा मातीत अडकतो. तरीही थोडे इंधन किती पाणी बिघडवू शकते याची कल्पना या आकड्यावरून येते.

वास न येणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. पाण्यातील बेंझिनचा वास जाणवण्यास लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम, म्हणजे मार्गदर्शक मूल्याच्या १,००० पट, प्रमाण लागते. इंधनातील इतर घटकांचा वास त्याहून आधी येऊ शकतो, पण त्यावर विसंबता येत नाही. पाणी उकळणे हाही सुरक्षित उपाय नाही, कारण त्यामुळे विषारी वाफ घरात पसरते. तुरटी, क्लोरीन किंवा साध्या गाळणीने बेंझिन जात नाही. शंका असलेल्या विहिरीचे पाणी पिणे व स्वयंपाकास वापरणे थांबवणे हाच पहिला उपाय ठरतो.

दुसरा धोका स्फोटाचा आहे. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती विहिरी, तळघरे व गटारे अशा खोलगट जागी साचते. इंधनाचा वास येणाऱ्या विहिरीत उतरणे, तिच्या काठाशी विडी पेटवणे किंवा विजेचा पंप चालू करणे जीवघेणे ठरू शकते.

## रोहा व पेण परिसर

### भूरचना आणि पाणी

रोहा शहर कुंडलिका नदीच्या, तर पेण शहर भोगावती नदीच्या काठी वसले आहे. रोहा तालुक्यातील नागोठणे अंबा नदीवर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला दख्खनचा बेसाल्ट हा या परिसराचा मुख्य खडक होय. ताज्या बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या कातळातील भेगा व सांध्यांत साठते. गावागावांतील उघड्या विहिरी मुख्यतः या वरच्या थरावर अवलंबून असतात.

अशा खडकात इंधनाची वाट सांगणे कठीण असते. वाळूच्या थरात झोत साधारण एका दिशेने सरकतो, तर भेगाळ कातळात तो भेगेच्या दिशेने जातो. त्यामुळे जवळची विहीर स्वच्छ राहून दूरची विहीर बिघडण्याची शक्यता असते. कोकण किनारपट्टीच्या बेसाल्टमध्ये उभ्या भित्तींसारखे आंतर्वेशी खडक बऱ्याच ठिकाणी आढळतात. ते काही जागी पाणी अडवतात, तर भेगाळ असल्यास काही जागी पाण्याला वाट करून देतात.

### पाऊस, पूर आणि टाकी

या भागात बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भर पावसाळ्यात सखल भागातील भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते, त्यामुळे पुरलेल्या टाक्या पाण्याने वेढल्या जातात. अशा वेळी छिद्र पडलेल्या टाकीत उलटी क्रिया घडते : इंधन बाहेर जाण्याऐवजी बाहेरचे पाणी आत शिरते. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या तळाशी वारंवार पाणी आढळणे ही केवळ इंधनाच्या दर्जाची तक्रार मानू नये. ती टाकीला छिद्र असल्याची सूचना असू शकते. पाऊस ओसरून पातळी खाली गेली की त्याच छिद्रातून इंधन बाहेर पडू लागते.

नदीकाठच्या वस्त्यांना पुराचा धोकाही असतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा येथे मोठी जीवितहानी केली व नागोठणे परिसरालाही तडाखा दिला. पूरक्षेत्रातील टाक्या काँक्रीटला जखडलेल्या असणे, त्यांची झाकणे जलरोधक असणे आणि वायुवीजन नळीचे तोंड पूरपातळीच्या वर असणे त्यामुळे आवश्यक ठरते.

### खारेपाट

पेण तालुक्याच्या पश्चिमेकडील खाडीलगतच्या सखल पट्ट्याला खारेपाट म्हणतात. येथील माती क्षारयुक्त असून भूजल बहुतांशी मचूळ असते. क्षारयुक्त ओलसर मातीत पोलाद वेगाने गंजत असल्याने या पट्ट्यात साध्या पोलादी टाकीचे आयुष्य कमी होते. पिण्याचे पाणी नळाने येत असले, तरी धोका पूर्ण टळत नाही. पेट्रोलचे घटक पॉलिथिनच्या जलवाहिनीच्या भिंतीतून आत शिरू शकतात. म्हणून इंधन झिरपलेल्या मातीतून अशी वाहिनी नेणे टाळावे लागते.

### महामार्ग, रेल्वे आणि उद्योग

मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६) पेण, नागोठणे व कोलाड या गावांवरून जातो. रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान आहे. रोह्याजवळील धाटाव येथे रासायनिक उद्योगांची औद्योगिक वसाहत आहे, तर नागोठण्याजवळ मोठा पेट्रोरसायन प्रकल्प आहे. कुंडलिकेचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या २०१८ च्या यादीत होता. जेथे प्रदूषणाचे अनेक संभाव्य स्रोत जवळजवळ असतात, तेथे एखाद्या विहिरीतील तेलकट थर कोठून आला हे केवळ अंदाजाने ठरवता येत नाही. पेट्रोल, डिझेल, भट्टीचे तेल व औद्योगिक द्रावके यांचे घटक वेगवेगळे असल्याने प्रयोगशाळेतील पृथक्करणाने स्रोत ओळखता येतो.

## गळती शोधण्याच्या पद्धती

पेट्रोल पंपावर दररोज डिपरॉडने टाकीतील इंधनाची पातळी मोजली जाते आणि खरेदी व विक्रीच्या नोंदीशी ती ताडून पाहिली जाते. डिपरॉडच्या टोकाला पाणी लागताच रंग बदलणारा लेप लावून तळाचे पाणीही तपासले जाते. ही पद्धत सोपी असली तरी तिला मर्यादा आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने बदलल्यास १०,००० लिटर पेट्रोलचे आकारमान सुमारे १०० लिटरने बदलते. दिवसाला चार-पाच लिटरची गळती अशा फरकात सहज लपते. म्हणून एका दिवसाच्या तफावतीपेक्षा अनेक आठवड्यांची, एकाच दिशेने वाढणारी तूट अधिक बोलकी असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये थोडे पाणी विरघळून जाते, त्यामुळे पाणी ओळखण्याची जुनी रीतही पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

इतर पद्धती पुढीलप्रमाणे आहेत :

* स्वयंचलित टाकी मापक : पातळी, तापमान व पाणी यांची सतत नोंद ठेवतो;
* दाब चाचणी : टाकी किंवा वाहिनी बंद करून दाब टिकतो का ते पाहिले जाते;
* दुहेरी भिंतींमधील संवेदक;
* निरीक्षण विहिरी : टाकीभोवती लहान छिद्रविहिरी घेऊन पाणी व वाफ तपासली जाते.

विहिरीच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड व जिवाणू पाहिले जातात. बेंझिनसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी ही स्वतंत्र चाचणी करावी लागते. तिच्यासाठी पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरून थंड ठेवावा लागतो. अन्यथा बेंझिन उडून जाऊन निष्कर्ष फसवा येतो.

## कायदे व नियमन

भारतात इंधनाची साठवण 'पेट्रोलियम अधिनियम, १९३४' व 'पेट्रोलियम नियम, २००२' यांनुसार नियंत्रित होते. साठवणीचा परवाना पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना देते. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. नियमांत इंधनाचे वर्ग त्याच्या प्रज्वलन बिंदूनुसार केले आहेत. पेट्रोल 'अ' वर्गात (२३ अंश सेल्सिअसच्या खाली), तर डिझेल 'ब' वर्गात येते. नव्या पंपासाठी जिल्हा प्रशासनाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. या नियमांचा मुख्य भर आग व स्फोट टाळण्यावर आहे.

भूजलाच्या दृष्टीने 'जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४' महत्त्वाचा आहे. त्यातील 'प्रवाह' या संज्ञेच्या व्याख्येत भूगर्भातील पाण्याचाही समावेश होतो. कलम २४ प्रदूषक द्रव्ये प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई करते. अपघाताने असे द्रव्य पाण्यात गेल्यास त्याची माहिती तात्काळ राज्य मंडळास देण्याची जबाबदारी कलम ३१ अन्वये त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीवर आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. भूजलाचे सर्वेक्षण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या निर्देशांनंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार शाळा, १० किंवा अधिक खाटांची रुग्णालये व निवासी क्षेत्र यांपासून पंप ५० मीटर अंतरावर असावा. जागेची अडचण असल्यास अतिरिक्त सुरक्षा उपायांसह हे अंतर कमी करता येते, पण ते ३० मीटरपेक्षा कमी असू नये. नुकसानभरपाईबाबत 'राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१०' मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' या तत्त्वाचा अंतर्भाव आहे.

## उल्लेखनीय घटना

पुढील घटनांपैकी पहिल्या तीन टाक्यांऐवजी भूमिगत वाहिन्यांशी संबंधित आहेत; मात्र भूजल व वस्तीवर होणारा परिणाम दोन्हींत सारखाच असतो.

* ग्वादालाहारा, मेक्सिको (१९९२) – जस्ताचा मुलामा असलेली जलवाहिनी पोलादी पेट्रोल वाहिनीला लागून असल्याने वाहिनी गंजली व पेट्रोल गटारांत शिरले. २२ एप्रिल रोजी झालेल्या स्फोटांत २०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याआधी काही दिवस रहिवासी वासाची तक्रार करत होते.
* तोंडियारपेट, चेन्नई (२०१३) – विंधन विहिरींच्या पाण्यात इंधन आढळले. तपासाअंती जवळून जाणाऱ्या भूमिगत वाहिनीत गळती सापडली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण पीठापुढे गेले.
* माटवे–दाबोळी, गोवा (२०२३) – पावसाळ्यात विहिरी व शेतातील पाण्यात पेट्रोल आढळले. त्याचा संबंध बंदराकडून येणाऱ्या भूमिगत वाहिनीशी जोडण्यात आला व गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याची दखल घेतली.
* सँटा मोनिका, कॅलिफोर्निया (१९९६) – इंधन टाक्यांतून गळालेल्या पेट्रोलमधील 'एमटीबीई' हा पूरक घटक विहिरींत आढळल्याने शहराला पिण्याच्या पाण्याच्या प्रमुख विहिरी बंद कराव्या लागल्या.

अमेरिकेत १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून भूमिगत टाक्यांसाठी देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्यांना गंज, सांडणे व ओसंडणे यांपासून संरक्षण देण्यास २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. या कार्यक्रमात पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली. पद्धतशीर शोध सुरू होण्यापूर्वी बहुसंख्य गळत्या अज्ञातच असतात, हे त्यावरून दिसून आले.

## शुद्धीकरण

प्रथम गळणारी टाकी रिकामी करून स्रोत बंद केला जातो. त्यानंतर भूजलावर तरंगणारे इंधन पंपाने उपसणे, दूषित माती काढून टाकणे, मातीतील वाफ निर्वात पंपाने ओढून घेणे, भूजलात हवा सोडून उडनशील घटक बाहेर काढणे, आणि पाणी उपसून सक्रिय कार्बनमधून गाळणे असे उपाय परिस्थितीनुसार योजले जातात. जिवाणूंच्या साहाय्याने तेलाचे विघटन करण्याची पद्धतही वापरली जाते; भारतात 'टेरी' संस्थेने विकसित केलेले 'ऑइलझॅपर' हे जिवाणूमिश्रण तेलदूषित मातीसाठी वापरले गेले आहे.

भेगाळ बेसाल्टमध्ये हे उपाय अवघड ठरतात. अरुंद भेगांत अडकलेले इंधन पंपाने पूर्ण निघत नाही आणि तेथे हवा व जिवाणू पोहोचवणेही कठीण असते. शुद्धीकरणास अनेक वर्षे लागू शकतात आणि त्या काळात विहिरीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना पर्यायी पाणी पुरवावे लागते. त्यामुळे अशा प्रदेशात दुहेरी भिंतीची टाकी, काँक्रीटचा पाया, काटेकोर नोंदी आणि पंपाभोवतालच्या विहिरींची नियमित तपासणी हे प्रतिबंधक उपाय नंतरच्या शुद्धीकरणापेक्षा पुष्कळच स्वस्त व खात्रीचे ठरतात.

## हेही पहा

* भूजल
* बेंझिन
* दख्खनचे पठार
* कुंडलिका नदी
* रोहा तालुका
* पेण तालुका
* महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ